मलेरियाची गोळी पोटात गेल्यावर पुढे नेमकं काय होतं?

अबोली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. माझ्या धाकट्या भावाला दोन महिन्यांपूर्वी मलेरिया झाला, व्हायवॅक्स प्रकारचा. ३ दिवस क्लोरोक्विन दिलं, दुसऱ्या दिवशीच ताप उतरला. त्याबरोबर प्रायमाक्विनच्या १५ मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या होत्या, रोज एक. त्याने पाच घेतल्या आणि बंद केल्या, कारण पोटात दुखायचं आणि त्याला वाटलं आता बरा आहे तर कशाला उगाच. बरोबर सातव्या आठवड्यात परत तशीच थंडी, तसाच ताप, रिपोर्ट परत व्हायवॅक्स. आई म्हणते गोळ्याच खोट्या असणार, तो म्हणतो परत डास चावला असेल. आत्ताच्या डॉक्टरांनी प्रायमाक्विन परत सुरू करायच्या आधी जी६पीडी नावाची टेस्ट सांगितलीय, आणि मागच्या वेळी ही टेस्ट केली होती का असं विचारलं. केली नव्हती. कुणी काही बोललंच नव्हतं. नेटवर वाचलं तर रक्तपेशी फुटतात वगैरे, तेव्हापासून झोप उडालीय. मला घाबरवून किंवा उगाच धीर देऊन काही नको, हे औषध आत जाऊन करतं काय ते कुणी नीट सांगेल का?

शाल्मली_क
अबोली, मी औषधशास्त्र शिकवते, भावाला तपासलेलं नाही त्यामुळे उपचार त्याच्या डॉक्टरांचेच, पण कारण सांगू शकते. गोळ्या खोट्या असतील असं तुझ्या हकिगतीवरून तरी वाटत नाही. सात आठवड्यांचा हा जो काळ आहे तो जवळजवळ पुस्तकातला आहे.

व्हायवॅक्सचा परजीवी डासाकडून रक्तात येतो आणि आधी यकृतात जातो. तिथे काही जण लगेच वाढून रक्तात उतरतात, तोच पहिला ताप, आणि काही तिथेच झोपून राहतात, त्यांना हिप्नोझॉइट म्हणतात. क्लोरोक्विन फक्त रक्तातल्यांना मारतं, झोपलेल्यांना त्याचा काहीही त्रास नाही. उष्ण प्रदेशातल्या व्हायवॅक्समध्ये हे झोपलेले साधारण तीनेक आठवड्यांनीच उठायला लागतात. मग भावाला तिसऱ्या आठवड्यात ताप का नाही आला? कारण तेव्हाही त्याच्या रक्तात क्लोरोक्विन शिल्लक होतं! ३ दिवसच गोळ्या खाल्ल्या तरी हे औषध निम्मं व्हायलाच १ ते २ महिने लागतात. ते रक्तात थांबत नाही, सगळ्या अवयवांच्या पेशींमध्ये आणि त्यातही पेशींच्या आम्लधर्मी कप्प्यांमध्ये जाऊन बसतं. हिशोब मांडला तर ते वजनाच्या दर किलोमागे २०० लिटरपेक्षा जास्त जागेत पसरल्यासारखं वागतं, अर्थात एवढं पाणी कुठल्याच शरीरात नसतं, हा नुसता हिशोबाचा आकडा, पण त्याचा अर्थ हा की रक्तात थेंबभर आणि पेशींमध्ये साठाच साठा. मग तो साठा हळूहळू रक्तात झिरपत राहतो. तिसऱ्या आठवड्यात यकृतातून उठलेली पहिली तुकडी त्यातच मेली, पुढची तुकडी सहाव्या-सातव्या आठवड्यात उठली तोवर औषध पातळ झालेलं होतं.

आणि प्रायमाक्विनचं अगदी उलट. ते साधारण ६ तासांत निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी नावालाही उरत नाही, म्हणून रोज घ्यावं लागतं. त्याचा परिणाम मुख्यतः एकूण किती पोटात गेलं यावर ठरतो. ६० किलोच्या माणसाला १४ दिवसांत २१० मिलिग्रॅम जायला हवं होतं, भावाच्या पोटात गेलं ७५. म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. ताप क्लोरोक्विनने गेला आणि त्याला वाटलं काम झालं, पण प्रायमाक्विन ज्या कामासाठी होतं ते काम बाहेरून दिसतच नाही ना. त्याचा दोष म्हणत नाही मी, हे गोळ्या देताना दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं.

अबोली
शाल्मलीताई, तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला. तो गप्प बसला एकदम. म्हणाला मला वाटलं दोन्ही गोळ्या एकाच कामाच्या आहेत.

रात्रपाळी
लॅबमध्ये काम करतो म्हणून जी६पीडी बद्दल लिहितो.

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, म्हणजे ती एकदा तयार झाली की नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, जन्माच्या वेळी जी शिदोरी मिळाली तीच १२० दिवस पुरवायची. जी६पीडी हे त्या शिदोरीतलं एक एन्झाइम, पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतं. प्रायमाक्विनचे जे तुकडे परजीवीला मारतात तेच हा मारा करतात. एन्झाइम पुरेसं असेल तर पेशी सहन करते, नसेल तर फुटते. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये हे एन्झाइम कमी आहे आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही कारण एरवी त्रासच होत नाही. गंमत नाही, हा दोष सापडला तोच मुळी प्रायमाक्विनमुळे, काही निरोगी माणसांचं रक्त या औषधाने का फुटतं हे शोधता शोधता १९५६ मध्ये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषात एकच एक्स, त्यामुळे कमी आहे किंवा नाही असा सरळ निकाल. बाईमध्ये दोन, एक चांगलं एक वाईट असेल तर निम्म्या पेशी ठीक निम्म्या कच्च्या, आणि साधी रंग बदलणारी टेस्ट अशा बाईला बऱ्याचदा नॉर्मल दाखवते. तिथे आकडा देणारी टेस्ट हवी. दुसरं, नुकत्याच पेशी फुटून गेल्या असतील तर रक्तात नव्या कोवळ्या पेशी जास्त असतात आणि त्यांच्यात एन्झाइम जास्त असतं, त्यामुळे कमतरता असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून मागच्या महिन्यात काय झालं होतं ते लॅबला जरूर सांगा.

अबोली, तुमच्या भावाने पाच दिवस घेतल्या तेव्हा लघवी काळपट, चहासारखी झाली होती का? डोळे पिवळे, दम लागणं, पाठीत दुखणं?

अबोली
नाही, असं काहीच नाही. फक्त पोटात दुखायचं. उपाशीपोटी घ्यायचा सकाळी, ऑफिसला पळायचा.

शाल्मली_क
मग पोटदुखीचं कारण तेच असण्याची शक्यता जास्त. प्रायमाक्विन रिकाम्या पोटी फार टोचतं, भरल्या पोटी घेतलं की बहुतेकांचं थांबतं. एवढ्या साध्या गोष्टीपायी कोर्स सुटतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तरी पाच दिवस निभावलं म्हणजे जी६पीडी ठीक आहे असं धरू नका. कमतरतेचेही प्रकार आहेत, काहींमध्ये सौम्य असते, आणि पेशी फुटणं दोन-तीन दिवसांनी सुरू होतं. टेस्ट कराच. कमतरता निघाली तरी दार बंद होत नाही, तेव्हा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा असं ८ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, हिमोग्लोबिन तपासत देता येतं. इथे त्याचा कमी टिकण्याचा गुण उपयोगी पडतो, त्रास झाला तर थांबवा, दिवसभरात औषध शरीरातून गेलेलं असतं.

याच कारणाने मला प्रायमाक्विनच्याच कामासाठी असलेल्या टाफेनोक्विनबद्दल हात राखूनच बोलावंसं वाटतं. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, मोठ्यांना ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस, १४ दिवस गोळ्या मोजायचं झंझट नाही, ऐकायला फार छान. पण ते निम्मं व्हायला सुमारे १५ दिवस लागतात. जी६पीडी कमी असलेल्याला एकदा दिलं की परत काढता येत नाही, पेशी फुटत राहिल्या तरी औषध आतच. म्हणून त्याच्याआधी आकडा देणारी टेस्ट हवीच आणि एन्झाइम नॉर्मलच्या ७० टक्क्यांच्या वर हवं. औषध जितका काळ टिकतं तितका त्याचा उपकारही टिकतो आणि चूकही.

कोंडाजी
मी इथला जुना वाचक, वय ७१. आमच्या काळी एकच औषध, क्विनाईन. कडू जहर, कानात रातकिडे ओरडल्यासारखं व्हायचं, पण माणूस उठून बसायचा. हल्ली या नवीन औषधांची नावं रोज बदलतात. माझ्या मोठ्या भावाला १९८० च्या सुमारास मेंदूचा मलेरिया झाला होता, क्विनाईनचं सलाईन लावलं, शुद्धीवर येत होता आणि दुसऱ्या रात्री परत बेशुद्ध झाला. डॉक्टर म्हणाले मलेरियाच वाढला. गेला तो. अजून वाटतं क्विनाईन आणखी द्यायला हवं होतं का.

शाल्मली_क
कोंडाजी काका, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं ते आज कुणीच सांगू शकणार नाही, पण क्विनाईनबद्दल जे माहीत आहे ते सांगते, कारण तुम्ही इतकी वर्षं हा प्रश्न बाळगलाय.

कानातले रातकिडे म्हणजे सिंकोनिझम, क्विनाईन योग्य पातळीला पोचलं की बहुतेकांना होतंच, औषध थांबलं की जातं. गंभीर मलेरियात मात्र दोन गोष्टी होतात. यकृत मंदावतं त्यामुळे धडधाकट माणसात ११ तासांत निम्मं होणारं क्विनाईन १८ तास घेतं, म्हणजे तोच डोस जास्त साचतो. आणि क्विनाईन स्वादुपिंडातून इन्शुलिन सोडायला लावतं, परजीवी स्वतःही साखर खात असतात, त्यामुळे रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते, गरोदर बायकांमध्ये तर फारच. शुद्धीवर आलेला रुग्ण परत बेशुद्ध झाला तर आज पहिली गोष्ट करतात ती बोटातून साखर तपासणं. शिवाय ते शिरेतून भराभर दिलं तर रक्तदाब पडतो, हृदयाची लय बिघडते, म्हणून पहिला डोस ४ तास सावकाश. जास्त क्विनाईन हे उत्तर नव्हतंच काका, ते औषध ओंजळीतल्या निखाऱ्यासारखं आहे.

आता गंभीर मलेरियाला आर्टेसुनेटचं इंजेक्शन, आणि हे नावाच्या हौसेने बदललेलं नाही. आशियातली मोठी चाचणी २००५ मध्ये आली, क्विनाईनवर १०० पैकी २२ जण दगावले, आर्टेसुनेटवर १५. आफ्रिकेतल्या मुलांमध्ये २०१० ला १०.९ टक्क्यांवरून ८.५ वर आले. कारण क्विनाईन मारतं ते वयस्क परजीवींना, जे तोवर मेंदूच्या बारीक नळ्यांना चिकटून बसलेले असतात. आर्टेसुनेट कोवळ्या, अजून रक्तात फिरत असलेल्यांना मारतं, म्हणजे चिकटायच्या आधीच.

कोंडाजी
साखरेचं कुणी तेव्हा बोललं नव्हतं. तपासली होती का माहीत नाही. आभारी आहे बाई, नीट सांगितलंत.

मोहर
आर्टेसुनेटचं निघालंय म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याला मागच्या वर्षी फाल्सिपेरम प्रकारचा गंभीर मलेरिया, आयसीयूत आर्टेसुनेट दिलं, पाचव्या दिवशी घरी. आम्ही देवाचे आभार मानले. पंधराव्या दिवशी जिना चढताना धाप लागली, चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन ११ वरून ७ वर. परत मलेरिया म्हणून धावलो तर परजीवी एकही नाही. दोन बाटल्या रक्त चढवलं. डिस्चार्जच्या कागदावर दोन आठवड्यांनी तपासा असं एक वाक्य असतं तर आम्ही आधीच गेलो असतो.

रात्रपाळी
मोहर, हे आता ओळखीचं झालंय. आर्टेसुनेट इतकं झटपट मारतं की परजीवी तांबड्या पेशीतच मरून पडतो. मग प्लीहा काय करते, ती पेशी न फोडता आतला मेलेला परजीवी तेवढा काढून घेते आणि पेशी परत रक्तात सोडते. पेशी वाचली खरी पण जखमी, तिचं आयुष्य कमी झालेलं. या सगळ्या जखमी पेशी साधारण १ ते ३ आठवड्यांनी एकदमच संपतात. ज्याच्या रक्तात परजीवी जास्त होते त्याच्या अशा पेशी जास्त. औषधाने विष झालं असं नाही, उलट ज्या पेशी त्याच दिवशी मेल्या असत्या त्या दोन आठवडे उशिरा गेल्या. म्हणून आर्टेसुनेटचं इंजेक्शन घेतलेल्याचं हिमोग्लोबिन ४ आठवडे, दर आठवड्याला बघावं. हे डिस्चार्ज कार्डावर ठळक छापलं पाहिजे, मी आमच्याकडे मागे लागून लागून छापून घेतलं.

दोन_लेकरांची_आई
माझा प्रश्न थोडा घाईचा. ६ वर्षांच्या मुलीला फाल्सिपेरम निघालंय, गंभीर नाही, आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन सुरू केलंय, सकाळ-संध्याकाळ ३ दिवस, पण दुसरा डोस ८ तासांनी का सांगितलाय? आणि ती काही खातच नाहीये, उपाशीपोटी दिलं तर चालेल का? ताप तर आत्ताच उतरला.

शाल्मली_क
आई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं. उपाशीपोटी नको. ल्युमेफँट्रिन तेलात विरघळणारं आहे, चरबी नसेल तर आतड्यातून ते फारसं शिरतच नाही आणि तसंच बाहेर पडतं. निरोगी माणसांमध्ये भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर ते उपाशीपोटीपेक्षा १६ पटीपर्यंत शोषलेलं दिसलंय. पण घाबरू नकोस, जेवणच हवं असं नाही, अगदी १-२ ग्रॅम चरबीही बरंच काम करते, अर्धा कप सायीचं दूध पुरे. गोळी चुरून दिली तरी चालते. अर्ध्या तासाच्या आत ओकली तर तो डोस परत द्यायचा, आणि तोही ओकली किंवा नंतरही उलट्या चालूच राहिल्या, झापड आली, झटका आला तर घरी थांबायचं नाही, हॉस्पिटल.

८ तासांचं असं, की आर्टेमेथर आणि त्यापासून शरीरात जे बनतं ते दोन्ही काही तासांत संपतात. पहिल्या दिवशी परजीवी सर्वात जास्त असतात म्हणून दुसरा घाव लवकर घालायचा. नंतर १२-१२ तासांनी, एकूण ६ डोस.

आणि ताप उतरला म्हणून थांबू नकोस हं, हे सांगायलाच मी एवढ्या रात्री लिहितेय. आजारी माणसाच्या शरीरात परजीवी अब्जावधी, कधी त्याहूनही हजारपट. आर्टेमिसिनिनच्या घराण्यातलं औषध (आर्टेमेथर, आर्टेसुनेट त्यातलेच) परजीवीच्या दर दोन दिवसांच्या फेऱ्यात त्यांची संख्या सुमारे दहा हजारपट कमी करतं, दुसरं कुठलंच औषध इतकं वेगवान नाही. ३ दिवसांत असे दोन फेरे सापडतात. ताप पहिल्या फेऱ्यातच जातो. तरी शेवटी थोडे उरतात आणि तोवर आर्टेमेथर शरीरातून गेलेलं असतं. ते उरलेले मारायला ल्युमेफँट्रिन ठेवलंय, ते निम्मं व्हायला ३ ते ६ दिवस लागतात. एक धावणारा आणि एक मुक्काम करणारा, अशी जोडी मुद्दाम लावलीय. मधेच थांबलं तर उरलेल्यांना अपुरं औषध मिळतं, आणि अपुऱ्या औषधात जे जगतात तेच पुढे प्रतिकार करणारे होतात. आर्टेमिसिनिनची एकटी गोळी देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना २००६ पासून सांगतेय ते याचसाठी.

दोन_लेकरांची_आई
दुधाबरोबर दिलं. राहिलं पोटात. पण डॉक्टरांनी शेवटी प्रायमाक्विनची एक गोळीही लिहिलीय आणि वरती तर जी६पीडीचं वाचलं, ती टेस्ट आमची नाही झाली!

रात्रपाळी
ती वेगळी. फाल्सिपेरमला एकच छोटा डोस देतात, किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, तो मुलीसाठी नसून पुढच्या माणसासाठी, म्हणजे रक्तात जे परजीवी डासात जायला तयार असतात त्यांना मारायला. एवढ्याशा डोसला संघटनेने २०१२ मध्येच टेस्टची अट काढली. तुमच्या डॉक्टरांना मात्र विचारा, विचारायला संकोच करू नका.

बोटीवरचा
मर्चंट नेव्हीत आहे. मलेरियाच्या बंदरांत जाताना आधीपासून गोळ्या घेतो. एकदा मेफ्लोक्विन दिलं, आठवड्याला एक. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीनंतर स्वप्नं अशी की झोपायची भीती, डेकवर चालताना जमीन हलल्यासारखी, आणि सारखं वाटायचं कुणीतरी माझ्यावर नजर ठेवून आहे. मी घाबरट नाही. बंद केल्यावरही महिनाभर राहिलं. कॅप्टनला सांगितलं तर म्हणाला समुद्राची सवय गेली. हे गोळीचं असू शकतं का?

शाल्मली_क
असू शकतं, आणि तुम्ही बंद केलीत ते योग्यच केलंत. मेफ्लोक्विन निम्मं व्हायला २ ते ३ आठवडे लागतात, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते, आणि म्हणूनच बंद केल्यावरही त्रास महिना-महिना रेंगाळतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला, चक्कर आणि तोल जाणं काही जणांत कायमचं राहू शकतं म्हणून. नैराश्य, मानसिक आजार किंवा फिट्सचा इतिहास असेल त्याला हे प्रतिबंधासाठी द्यायचं नाही. संशय, भीती, विचित्र स्वप्नं सुरू झाली की पुढची गोळी नाही, दुसरं औषध. म्हणून ते निघायच्या २-३ आठवडे आधी सुरू करतात, त्रास व्हायचा तो घरी असताना कळावा. पुढच्या वेळी फॉर्मवर हे नक्की लिहा.

बोटीवरचा
इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आता डॉक्सिसायक्लिन देतात. त्याने उन्हात कातडी भाजते.

शाल्मली_क
हो, उन्हाचं तेवढं सांभाळा. आणि ती कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या, लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेत अडकली तर व्रण पडतो. लोह, कॅल्शियम, अँटासिड त्याच वेळी नको, ते तिला धरून ठेवतात. बंदर सोडल्यावर ४ आठवडे चालू ठेवायची, इथेच लोक सोडतात. यकृतातून उशिरा उतरणाऱ्यांना रक्तात गाठायला ते ४ आठवडे असतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी प्रतिबंधक गोळी मात्र नंतर ७ दिवसच, कारण ते फाल्सिपेरमला यकृतातच मारतं. तेही स्निग्ध खाण्याबरोबर, आणि किडनी फार कमजोर असेल तर नाही. व्हायवॅक्सच्या झोपलेल्यांना मात्र यातलं कुठलंच मारत नाही, त्यामुळे काही महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगा.

सायली_आर
मी ल्युपस या आजारासाठी ६ वर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतेय. वर क्लोरोक्विनचा साठा होतो वाचून धस्स झालं. डोळे जातात म्हणतात.

शाल्मली_क
सायली, बंद करू नकोस, ल्युपसमध्ये ते औषध फार मोलाचं आहे. हे औषध डोळ्यातल्या रंगद्रव्याला चिकटतं, त्यामुळे वर्षानुवर्षं घेतल्यावर पडद्याला इजा होऊ शकते, मलेरियाच्या ३ दिवसांनी नाही. वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत राहायचं, सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी, नजर चांगली असली तरी. किडनीचा त्रास असेल किंवा स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमोक्सिफेन चालू असेल तर त्याआधीपासून. तुझी ६ वर्षं झालीत म्हणजे तपासणीची वेळ आलीय.

आणि सगळ्यांनाच हात जोडून सांगते, घरात क्लोरोक्विन किंवा हायड्रॉक्सी असेल तर लहान मुलाचा हात पोचणार नाही तिथे कुलुपात ठेवा. योग्य डोसमध्ये हे इतकं सुरक्षित औषध, पण लहान मुलाने १-२ गोळ्या गिळल्या तरी तासाभरात हृदय थांबू शकतं. वाट बघायची नाही, उलटी करवत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल.

निसर्गमित्र
इतकी रसायनं खाण्यापेक्षा आर्टेमिसियाच्या पानांचा काढा का नाही? मूळ औषध त्याच झाडातलं आहे ना? प्रामाणिकपणे विचारतोय.

शाल्मली_क
प्रामाणिक प्रश्न आहे, तसंच उत्तर देते. झाड तेच. पण आर्टेमिसिनिन पाण्यात फारसं विरघळत नाही आणि उष्णतेने बिघडतं. चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथात ते झाड पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय, उकळायला नाही, हे तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, तेव्हा कुठे जमलं, १९७२ मध्ये शुद्ध आर्टेमिसिनिन हातात आलं, २०१५ ला नोबेल. काढ्यात किती उतरलं ते पानागणिक बदलतं, ते काही तासांत संपतं, आणि मागे जोडीदार औषध नाही. म्हणजे मघाशी म्हटलं तेच, अपुरं औषध. फाल्सिपेरममध्ये दोन दिवस असे गेले तर माणूस जातो.

अनघा_पी
एक राहिलं. गरोदर असेल तर?

शाल्मली_क
मलेरिया स्वतः आई-बाळाला औषधापेक्षा कितीतरी घातक आहे, त्यामुळे उपचार टाळायचा नाही. पहिल्या ३ महिन्यांतही फाल्सिपेरमला आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन द्यावं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं, आधी क्विनाईन-क्लिंडामायसिन द्यायचे. क्लोरोक्विन चालतं. प्रायमाक्विन आणि टाफेनोक्विन मात्र नाहीच, कारण आईची जी६पीडी टेस्ट करता येते, पोटातल्या बाळाची नाही. आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर, गरोदर असो नसो, आधी सांगा, ते यकृताला इतकं कामाला लावतं की ल्युमेफँट्रिन, क्विनाईन, मेफ्लोक्विन सगळ्यांची पातळी खाली येते.

अबोली
मंडळी, अपडेट. टेस्ट झाली, जी६पीडी नॉर्मल, आकडा देणारीच केली. क्लोरोक्विन परत ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस, यावेळी रात्री जेवल्यावर. आज नववा दिवस, पोट अजिबात दुखलेलं नाही. आईने कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची असं ठरवलंय. शेवटचं विचारते, एवढं पूर्ण करूनही परत आला तर?

शाल्मली_क
शाब्बास. तर दोन शक्यता. एक नवा डास. दुसरी, प्रायमाक्विन स्वतः औषध नाहीच, यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं औषध बनवतं. काही माणसांमध्ये हे एन्झाइम जन्मतः मंद असतं, त्यांनी सगळ्या गोळ्या इमानदारीने खाल्ल्या तरी काम होत नाही. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन हीसुद्धा ते एन्झाइम अडवतात. भावाला यातलं काही चालू आहे का?

अबोली
नाही, काहीच नाही.

रात्रपाळी
मग १४ पूर्ण करा. पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर पॅरासिटॅमॉल घेऊन बसू नका, त्याच दिवशी स्मिअर (रक्ताची काचेवरची तपासणी), आणि दोन्ही वेळच्या गोळ्यांच्या तारखा कागदावर लिहून बरोबर न्या. ओठ निळसर दिसले किंवा लघवी काळी झाली तर उरलेल्या गोळ्या थांबवून सरळ डॉक्टर.

अबोली
लिहून फ्रिजवर लावलं.

दोन_लेकरांची_आई
सहावा डोस झाला आमचा. आत्ताच उठून चित्र काढत बसलीय.